चिमूटभर वासना

लोहाऱ्याच्या आमच्या घरी येणाऱ्याला आधी वास भेटायचा, मग माणसं. पुढच्या खोलीत अप्पांचं, माझ्या वडिलांचं, किराणा दुकान होतं. तिथं गूळ, हळद, रॉकेल आणि पोत्यांचा मिळून एक वास असे, तसा तो कुठल्याही दुकानात असतोच. पण दुकानामागचा पडदा बाजूला करून आत पाऊल टाकलं की माणूस क्षणभर थांबायचा आणि नकळत मोठा श्वास घ्यायचा. पोस्टमन थांबायचा, वीजबिलवाला थांबायचा, एकदा तर भांडायला आलेली बाई थांबली आणि आपण कशासाठी आलो होतो तेच विसरली. आतल्या फळीवर चिनी मातीच्या पाच बरण्या होत्या आणि त्यांच्या तोंडांना अप्पांच्या जुन्या धोतराचे दादरे बांधलेले होते. त्या बरण्या अव्वाच्या. अव्वा म्हणजे माझी आई. तिचं माहेर आळंदच्या पलीकडं, कानडी मुलखात. लग्न होऊन लोहाऱ्याला आली तेव्हा तिला मराठीतले दोनच शब्द येत होते, ‘व्हय’ आणि ‘न्हाय’. त्यातला दुसरा तिनं पहिल्याच आठवड्यात अस्सल मराठी बाईसारखा वापरायला घेतला, असं अप्पा सांगायचे.

त्या बरण्या वर्षभर हळूहळू भरत. उन्हाळ्यात मोगरा, पावसाळ्यात मठाच्या अंगणातली बकुळ, थंडीत शेवंती आणि गावठी गुलाब. मरवा आणि दवणा मागच्या दारी तेलाच्या डब्यांत लावलेले असत. तुळशीच्या मंजिऱ्या, लिंबाच्या साली, दुकानातला वाळा आणि कापूरकाचरी हेही असे. सगळं सावलीतच वाळवायचं, बाजेवर धोतर पसरून, आणि दिवसातून दोनदा अलगद खालीवर करायचं. उन्हात वाळवलेलं फूल रंगानं वाळतं आणि वासानं मरतं, हे अव्वाचं मत होतं. तिच्या मतांपुढं आमच्या घरात अपील नव्हतं. बाजेवरचं फूल कुरकुरीत वाजायला लागलं की ते बरणीत जाई, थरावर थर. प्रत्येक थरावर ती एक तपकिरी पूड भुरभुरवायची. ती पूड म्हणजे लव्हाळ्याच्या गाठी, धुऊन, वाळवून, खलबत्त्यात कुटलेल्या. शेतकऱ्याच्या दृष्टीनं लव्हाळा म्हणजे जन्माचं दुखणं, कितीही खुरपला तरी परत येणारा. आमच्या शेजारच्या सरूकाकू खुरपणीच्या दिवसांत त्या गाठी ओच्यात भरून आणून ओतायच्या आणि म्हणायच्या, “घ्या, लीलाच्या अव्वा! आमचे मालक ह्याला शिव्या घालून घालून दमले, अन् तुमी त्याला खलबत्त्यात मान देता. लई नवल हाय बया तुमचं!” त्या पुडीनं बाकीचे वास धरून ठेवले जातात, नाहीतर मोगरा चार दिवसांत निघून जातो. महिनाभर मुरलं की मग दादरा सुटे, अव्वा डोळे मिटून बरणीवर वाकायची आणि म्हणायची, “छलो वासनी बंतु.” म्हणजे छान वास आला.

माझ्या सुनेनं आता आमच्या हॉलमध्ये एक काचेची बाटली ठेवलीय, त्यात काड्या उभ्या केल्यात आणि त्यावर समुद्रावरच्या वाऱ्याचं चित्र आहे. चांगली मुलगी आहे, मी काही बोलत नाही. पण धाराशिवात बसून समुद्राचा वास घ्यायचा आणि मागच्या दारचा मरवा म्हशीनं खायचा, हे मला पटायला अजून थोडी वर्षं जावी लागतील.

अव्वाची मराठी पुढं बरीच वाढली, पण बाई कोण आणि बुवा कोण हे तिला शेवटपर्यंत जमलं नाही. कानडीत भाकरीला आणि पाटाला वेगळं लिंग नसतं, आपण मात्र घरातल्या प्रत्येक वस्तूचं लिंग ठरवून बसलोय. “माझा पोरगी शाळेला गेला,” असं ती म्हणायची, “भाकरी झाला, जेवायला या,” असं म्हणायची. विहिरीवरच्या बायका हसायच्या. वाईट मनानं नव्हे, सरूकाकू तर हसून हसून तिला मिठी मारायच्या. पण अव्वानं काय केलं, तर घराबाहेर बोलणंच कमी केलं. मान हलवायची, हसायची, पदर नीट करायची, झालं. घरात कानडीचा नुसता धबधबा, आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की मुकी. मला त्याचं वाईट वाटायचं असं आज लिहिलं तर ते खोटं होईल. मला बरंच वाटायचं. मी आठवीत होते, मराठीत वर्गात पहिली होते आणि माझ्या आईनं माझ्या मैत्रिणींपुढं ‘तो चहा पिली का’ असं विचारू नये एवढीच माझी देवाकडं मागणी होती.

आता त्या शब्दाचं सांगते. आमच्या घरात बरणीतल्या मालाला दुसरं नावच नव्हतं. वासनी. “वासनी हलवून ठेव,” “वासनी आणून धुपाटण्यात घाल.” दिवेलागणीला निखाऱ्यावर चिमूटभर वासनी पडली की धुराची एक रेघ देवळीपासून दुकानापर्यंत जायची आणि अप्पा गिऱ्हाइकाला म्हणायचे, “चला, आता घरी जा, आमची वासनी झाली.” मला एवढं कळत होतं की हे घरातलं, बोलीतलं रूप आहे आणि पुस्तकी मराठीत ते थोडं वेगळं असणार, जसं आमच्यात ‘पानी’ आणि पुस्तकात ‘पाणी’. ते पुस्तकी रूप मला मठात सापडलं. श्रावणात स्वामींचं प्रवचन असे. स्वामी हात वर करून म्हणाले, “वासना जाळा! वासना जाळल्याशिवाय घरात शांती नांदणार नाही!” सगळे गंभीर होऊन माना डोलवत होते, आणि मी पुढच्या रांगेत ताठ बसले, कारण आमच्या घरात ती रोज जाळली जायची. बाकीच्या गावाला स्वामींनी एवढं ओरडून सांगावं लागतं आणि आम्ही आपले कधीपासून करतोय, या विचारानं मला जो अभिमान वाटला तो पुढं नोकरी लागल्यावरही वाटला नाही.

त्या हिवाळ्यात शाळेच्या संमेलनात दोन दिवस हस्तकलेचं प्रदर्शन ठेवलं होतं, आणि वर्गाच्या बाईंनी सांगितलं, प्रत्येकीच्या आईच्या हातचं काहीतरी यायला पाहिजे आणि आईही आली पाहिजे. इतर मुलींच्या घरून विणलेली तोरणं, भरतकामाचे रुमाल, शेवयांच्या परड्या येणार होत्या. माझ्या घरून काय येणार हे ठरलेलंच होतं, प्रश्न अव्वाचा होता. तिनं आधी आपला आवडता मराठी शब्द वापरला, न्हाय. मग मी तिला समजावलं की तिथं बोलायचं काहीच नाही, नुसतं टेबलामागं बसायचं. सगळं मी कागदावर लिहून ठेवीन, लोक वाचतील आणि वास घेऊन पुढं जातील. अव्वा शाळेत कधी गेलेली नव्हती, कानडीही नाही आणि मराठीही नाही, त्यामुळं कागदावर तिचा फार विश्वास होता. “सगळं लिहिशील ना?” तिनं कानडीत विचारलं, “मला कुणी काही विचारणार नाही ना?” मी शपथ घेतली. तिनं जुनं मलमल फाडून चाळीसेक पोटल्या शिवल्या, लाल दोऱ्यानं तोंडं बांधली. संमेलनाच्या दिवशी ती लग्नातलं इरकल नेसून माझ्याबरोबर निघाली तेव्हा सरूकाकू ओट्यावरून ओरडल्या, “अगं बाई, नवरी कुटं चालली?” अव्वा लाजली, पण खूश होती.

मी पुठ्ठ्यावर लिहिलेला मजकूर मला अजून पाठ आहे. लाल शाईत, जाड निबानं, वर वेलबुट्टी काढून: ‘आमच्या घरची शुद्ध वासना. रोज सायंकाळी चिमूटभर वासना निखाऱ्यावर जाळावी, घर प्रसन्न राहते. वासना नेहमी झाकून ठेवावी. कपड्यांच्या पेटीत ठेवल्यास वर्षभर टिकते. तयार करणार: सौ. गंगाबाई.’ शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.

सकाळभर कुणाचं लक्ष गेलं नाही. मुली आल्या, पोटल्या हुंगून गेल्या. दुपारी पाहुणे आले, कुठल्याशा गावचे निवृत्त हेडमास्तर, खणखणीत आवाजाचे, दिसेल ते मोठ्यानं वाचायची सवय असलेले. तोरणांवरची चिठ्ठी वाचली, शेवयांची वाचली, आमच्या टेबलाशी आले आणि त्याच सुरात सुरू झाले. दुसऱ्या वाक्याला त्यांचा आवाज अडखळला. तिसऱ्या वाक्याला मागच्या शिक्षकांपैकी कुणीतरी खाकरलं. ‘वर्षभर टिकते’पर्यंत अख्खा हॉल हसत होता. हेडमास्तर रुमालानं डोळे पुसत होते, आणि दहावीच्या मुली एकमेकींच्या पाठीमागं लपत होत्या. मला काहीच कळेना. बाई जवळ आल्या, त्याही हसू दाबत होत्या, आणि माझ्या कानात त्या शब्दाचा अर्थ सांगितला. कान तापणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. “लीला, अगं हे लिहायला कुणी सांगितलं?” बाईंनी विचारलं. आणि मी, वर्गात मराठीत पहिली, बोट करून म्हणाले, “अव्वानं सांगितलं तसं मी लिहिलं.”

सगळ्यांनी अव्वाकडं पाहिलं. तिला त्या लांबलचक वाचनातलं आपल्या नावापलीकडं काही समजलं नव्हतं. ती उठून उभी राहिली, पदर नीट केला आणि सगळे हसतायत म्हणून तीही हसली. तिला वाटलं, लोकांना माल आवडला. मी तिच्याकडं बघितलंच नाही.

घरी आल्यावर तिनं अप्पांना मोठ्या कौतुकानं सांगितलं, मोठे पाहुणे आले, माझं नाव वाचलं, सगळे केवढे हसले. अप्पांनी पुठ्ठा मागितला. मी तो पोटल्यांच्या टोपलीखाली दडवला होता, पण अव्वानंच काढून दिला. अप्पा वाचत गेले आणि हसता हसता हातातला चहाचा कप त्यांच्या धोतरावर सांडला. मग माझं तोंड बघून त्यांनी हसू आवरलं. त्यांनी अव्वाला कानडीत सगळं समजावलं, अगदी हळू. अव्वानं पुठ्ठा परत हातात घेतला. वाचता येत नव्हतं तरी पाहत राहिली.

“हे कुणी लिहिलं?” तिनं मला विचारलं.

“मी.”

“मग शाळेत बोट करून माझं नाव कशाला सांगितलंस?”

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “माझी मराठी कच्ची आहे ते सगळ्या गावाला माहीत आहे. तुझी तर पक्की आहे ना?” आणि उठून भाकरी थापायला गेली. मी त्या संध्याकाळी धुपाटण्यात वासनी घालायला गेले आणि चिमटीऐवजी मूठभर टाकली. घरभर धूर झाला, अप्पा दुकानातून खोकत आत आले.

दुसऱ्या दिवशी मी पोट दुखतंय असं सांगितलं. अव्वानं तेच इरकल परत नेसलं, पोटल्यांच्या टोपलीत एक भरलेली बरणी ठेवून ती उचलली आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, “पुठ्ठा घे.” मी म्हटलं, नवीन लिहिते, ‘सुगंध’ लिहिते. “तोच घे,” ती म्हणाली. शाळेत पोचलो तर आमच्या टेबलापुढं जत्रा. रात्रीत बातमी गावभर झाली होती. ज्या बायका शाळेकडं कधी फिरकल्या नव्हत्या त्या लुगड्याचा पदर तोंडात धरून उभ्या होत्या, सगळ्यांत पुढं सरूकाकू. बाईही तिथंच होत्या. त्यांनी अव्वाला हळुवारपणे विचारलं, “लीलाच्या आई, काल वाईट तर नाही ना वाटलं? तो शब्द तुम्हीच सांगितला होता का?”

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, आता सांगायचंच असं ठरवून. पण अव्वा आधी बोलली. घराबाहेर, भर गर्दीत, मराठीत. “व्हय बाई, मीच सांगितला. आमच्यात असाच म्हंत्यात. वासनी. तुमच्यात वाईट आसतंय, आमच्यात चांगला आसतंय. मी काय करू?” आणि दादरा सोडून अख्खी बरणी तिनं बाईंच्या नाकापुढं धरली. “घ्या. वाईट हाय का, सांगा.”

बाईंनी श्वास घेतला आणि डोळे मिटले. मग एकेक बाई पुढं आली. अव्वा सांगत सुटली, हा मरवा, हा बकुळ, हा शेवंती, ‘हा सरूबाई आणला लव्हाळा’, सगळ्यांना पुरुष करून टाकत. बायका हसत होत्या आणि विचारतही होत्या, किती दिवस वाळवायचं, सावली कसली पाहिजे, चिंचेखालची चालंल का. कुणीतरी म्हणालं, ती चिठ्ठी काय हाय ते तरी वाचा. अव्वानं पुठ्ठा माझ्या हातात दिला. “मोठ्यानं वाच.” मी वाचायला लागले. पहिल्या ओळीला, कुणीही हसायच्या आधी, अव्वा स्वतः हसली. आणि अशी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. त्यानंतर जो काही गोंधळ झाला त्यात माझं खरं बोलायचं राहून गेलं. मी स्वतःला सांगितलं की आता त्याची गरज नाही. गरज होती, पण चौदाव्या वर्षी माणूस स्वतःशी फार सवलतीनं वागतो.

चाळीसच्या चाळीस पोटल्या त्या दिवशी गेल्या आणि तो शब्द लोहाऱ्यात रुळला. पुढं कित्येक वर्षं सरूकाकू भर दुपारी गल्लीच्या त्या टोकावरून हाळी द्यायच्या, “लीलाच्या अव्वा, माजी वासना संपली की ओ!” आणि अप्पा दुकानातून ओरडायचे, “काकू, नशीबवान हाव! लोकं त्यासाठी हिमालयात जात्यात!”

संमेलनानंतर चारेक दिवसांनी अव्वानं तो पुठ्ठा माझ्यापुढं ठेवला आणि त्या शब्दावर बोट ठेवून म्हणाली, हे मला काढायला शिकव. मी म्हटलं, आधी तुझं नाव शिकवते. “माझं नाव सगळ्यांना माहीत आहे,” ती म्हणाली, “ते कशाला लिहू?” मग आम्ही रोज दुपारी पाटी घेऊन बसलो. रांगोळी घालायची बोटं होती तिची, अक्षरं ती लिहायची नाही, काढायची, आणि वरची रेघ सगळ्यांत शेवटी, डावीकडून उजवीकडं एका दमात, जिभेचं टोक बाहेर काढून. महिनाभरात पाचही बरण्यांवर तिच्या हातचा शब्द आला. पुढं मी तीस वर्षं मुलींना मराठी शिकवलं, अभंगातल्या वासनेचा अर्थ फळ्यावर लिहून दिला, हाव, इच्छा, लालसा. दर वेळी मला मरव्याचा वास यायचा आणि मुलींना वाटायचं, बाई भक्तीत रमल्या.

शिक्षिका व्हायचं म्हणजे आधी डी.एड. अर्ज घेऊन मी धाराशिवला, तेव्हाच्या उस्मानाबादला, गेले तेव्हा अप्पांचा बाजाराचा दिवस होता, म्हणून अव्वा बरोबर आली. एसटीतून उतरून आम्ही रांगेत उभ्या राहिलो. मागं पंधरा-वीस मुली, त्यांचे वडील, भाऊ. खिडकीतल्या कारकुनानं अर्ज चाळला आणि पालकाच्या सहीच्या जागेवर बोट ठेवून शाईचा पॅड अव्वापुढं सरकवला. तिच्याकडं बघूनच त्यानं ठरवलं होतं.

“अंगठा नको,” अव्वा म्हणाली. “लिव्हाया येतंय मला.”

तिनं पेन घेतलं. मला कळलं ती काय लिहिणार, कारण तिला दुसरं काही येतच नव्हतं. मी तिचा हात धरू शकले असते. वा. स. ना. मग जिभेचं टोक बाहेर, आणि वरची रेघ. कारकुनानं कागद फिरवून घेतला, वाचला, परत वाचला. “अहो, हे काय?” त्याचा आवाज मोठा होता. “पालकाचं नाव गंगाबाई लिहिलंय. मग ही वासना कोण?” मागं कुणीतरी फिस्सकन हसलं, मग आणखी दोघी-तिघी. तोच आवाज, शाळेच्या हॉलमधला. अव्वानं माझ्याकडं पाहिलं.

“ती माझ्या अव्वाची सही आहे,” मी म्हणाले. रांगेतल्या शेवटच्या मुलीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. “तो शब्द माझा आहे. तिला मी शिकवलाय.”

कारकुनानं आम्हा दोघींकडं आळीपाळीनं पाहिलं, खांदे उडवले आणि शिक्का मारला. आम्ही बाहेर आलो, कडुलिंबाखाली बसून दशम्या सोडल्या. अव्वानं एक घास खाल्ला, पाणी प्यायली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याशी कधी बोलत नसे त्या मराठीत म्हणाली, “ह्या बारीला नाव बराबर सांगितलीस.”